भरलेली घरं: शून्य

देवीदास गजभियेले शब्दकोड्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. अख्ख्या भिलाईत हे दोनच बायाईले माहीत होतं: एक त्याची बायको मनकर्णा, अन् दुसरी मी, शेजारची ललिता. मले कसं माहीत म्हणाल, तर सेक्टर दोनच्या क्वार्टरातली मधली भिंत. तिकडे मनकर्णानं फोडणी दिली का इकडे माझ्या नवऱ्याले, पुंडलिकले, ठसका लागे. अशा भिंतीजवळ राहून शेजाऱ्याचं गुपित कळलं नाई तर कान दाखवाले दवाखान्यात जावं लागते.

बाकी लोकाईले मात्र वाटे का देवीदास मोठा विद्वान आहे. पोलाद कारखान्याच्या रेल मिलमधले, म्हणजे रूळ बनतात तिथले, माल बांधणारे खलाशी, सेक्टरातला किराणावाला, पावर हाउस टेशनावरचा पेपरवाला, सगळे त्याले "कोडेवाले गजभिये" म्हणत. तो बी गंभीर तोंड करून मान हलवे. मान हलवाले काय लागते?

थापा माराची तर त्याले हौसच होती. छप्पन साली नागपूरले धम्मदीक्षा झाली, तेव्हा त्या लाखो माणसांत आपण मनकर्णाले पाहिलं अन् तिथंच लग्नाचं ठरवलं, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगे. मनकर्णा आतून म्हणे, "मी त्या दिवशी ताप येऊन घरी झोपली होती." तरी पुढच्या पाहुण्याले पुन्हा तेच. पण एका बाबतीत हा माणूस कधी खोटं बोलला नाई. ती बाब म्हणजे चार्ज.

चार्ज म्हणजे पाळी संपली का आपलं काम पुढच्या माणसाच्या हाती देणं. देवीदासले त्याचं एवढं वेड कावून, तेबी सांगते. अठ्ठावन साली तो भिलाईजवळच्या मरोद्याले एका ठेकेदाराच्या कामावर हेल्पर होता. तंबूत राहाचं अन् उन्हात मराचं. एका दुपारी तिथल्या क्रेनवाल्याची पाळी संपली. दुसऱ्या क्रेनवाल्याले जाता जाता "सब ठीक है" म्हणाला अन् सायकलवर टांग मारून गेला. ब्रेक सकाळपासून घसरून राहिला होता, हे त्या भल्या माणसानं सांगितलंच नाई. दहा मिनिटांत लोखंडाची प्लेट खाली आली अन् देवीदासच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली. देवाले तो आधीच मानत नव्हता. त्या दिवसापासून चार्जले मानाले लागला.

पुढं तो कारखान्यात लागला, शिकला, अन् रेल मिलमध्ये उंचावरची क्रेन चालवाले लागला. तिथं त्याले फोरमन भेटले कृष्णराव पिंपळापुरे. आमच्या नागपूरकडचेच, पण बोलणं एकदम पुस्तकी. त्यांचे दोन नेम होते. पहिला: रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, समोर येऊन उभा राहिल्याशिवाय कोणी जागा सोडाची नाई, मग घरी बायको बाळंत होत असो. दुसरा: चार्ज तोंडी नाई, वहीत लिहून द्याचा. किती झालं, किती राहिलं, काय बिघडलं, मागचं काय बाकी आहे. अन् ती वही साहेब पाळीच्या शेवटी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचत. क्रेनची घंटी विनाकारण वाजवली तर त्याचं बी कारण वहीत लिहावं लागे, कारण घंटी वाजली का खालचे लोक डोक्यावर माल येतो समजून पळतात.

देवीदासले हे नेम एवढे आवडले का त्यानं ते घरी आणले. ड्यूटीवर निघाला का उंबऱ्यात उभा राहून म्हणे, "मनकर्णा, पाणी अर्धा ड्रम. स्टोव्हची पिन तुटली, मीच तोडली. गुळाचा डबा उघडा राहिला, त्यात मुंग्या." मनकर्णा म्हणे, "घेतला चार्ज." मग हा सायकलवर बसे. मी इकडे पदर तोंडात घालून हसे. माझा पुंडलिक तर आजवर चहाची कपबशी कुठं ठेवली हे बी सांगून गेला नाई.

आता मनकर्णाचं ऐका. ती नागपुरातल्या पाचपावलीची. तिचा बाप नागपूरच्या एका छापखान्यात जुळारी होता. शिशाचे खिळे एकेक उचलाचे अन् ओळी जुळवाच्या. शाळा सुटली का ही बापाजवळ जाऊन बसे अन् वापरलेले खिळे ज्याच्या त्याच्या खणात टाके. खिळ्यावरचं अक्षर उलटं असते, म्हणून हिले आधी उलटं वाचता आलं अन् मग सुलटं. सातवी होऊन लग्न झालं, पण डोक्याची ती सवय गेली नाई. कोणताही शब्द दिसला का ती मनातल्या मनात त्याचे तुकडे करे, उलटे लावून पाहे, पुढचं अक्षर काढून मागं टाके. राशनच्या दुकानात पाटी वाचता वाचता हिचा नंबर जाये अन् आमी मागच्या बाया ओरडत असू.

नागपूरचा पेपर संध्याकाळच्या गाडीनं पावर हाउसले येत होता. रविवारच्या अंकात गूढ शब्दकोडं. गूढ म्हणजे ते सरळ विचारतच नाईत. एक नमुना सांगते. "गळ्यातला उलटून पेल्यात पडला. दोन अक्षरं." माझ्या पुंडलिकनं लय विचार करून सांगितलं, "घोट." अरे, घोट उलटला तर टघो होते! तो बाहेर गेला तशी मनकर्णा भिंतीपलीकडून पोळी लाटता लाटता म्हणाली, "गळ्यातला सर. उलटवा, रस झाला." मी म्हटलं, बाई, तुझं डोकं आहे का छापखाना?

पहिल्यांदा अख्खं कोडं सुटलं, तेव्हा देवीदासनं ते कापून पाकिटात घातलं अन् पोस्टात टाकलं. नाव लिहिलं स्वतःचं. खोटेपणानं नाई हो, सवयीनं. राशन कार्डावर त्याचं, क्वार्टरवर त्याचं, तर कोड्यावर बी त्याचंच. पंधरा दिवसांनी पेपरात आलं: सर्व उत्तरे बरोबर, श्री. देवीदास गजभिये, भिलाई. मिलमध्ये कोणी तरी ते वाचलं अन् खलाश्यांनी याले खांद्यावर उचलून नाचवलं. तिथंच म्हणाचं होतं ना, का बाप्पा, मले खाली ठेवा, हे बायकोचं काम आहे. नाई म्हणाला. वरून चांगलं दिसत असेल. मग असं एक नाई, दोन नाई, अकरा वेळा छापून आलं.

मनकर्णा पहिल्या दोन-तीनदा हसली. चौथ्यांदा म्हणाली, "आता एकदा माझं नाव लिहा."

"पुढच्या वेळी."

पुढच्या वेळी तो म्हणाला, पुढच्या वेळी. अकराव्या वेळी तिनं काही विचारलंच नाई. दुपारी माझ्याकडे डाळ निवडत बसली अन् म्हणाली, "ललिताबाई, माझा बाप जन्मभर दुसऱ्याचीच नावं जुळवून राहिला. म्हणे, एकदा तुझं नाव जुळवीन. तसाच मेला. मले बक्षीस-बिक्षीस नको. कोणी तरी एकदा म्हणावं, हे मनकर्णाचं आहे. बस."

मले असा राग आला म्हणता! देवीदासचा आला, अन् तिचा बी आला. मी असती तर पाकीटच फाडलं असतं. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी नुसती डाळ निवडली.

बासष्टचा जानेवारी आला. आमच्याकडे सह्याद्री मित्र मंडळ नावाचं एक प्रकरण होतं. सह्याद्री कुठं अन् भिलाई कुठं, पण नाव पुण्याच्या लोकाईनं ठेवलं होतं, त्याले कोण काय करणार. त्याचा सेक्रेटरी होता अरुणकुमार. नुसतंच अरुणकुमार. आडनाव कोणालेच माहीत नव्हतं, अन् सांगाची त्याची इच्छा बी नव्हती. ड्रॉइंग ऑफिसात होता, पँटची घडी अशी का भाजी कापावी. मंडळाच्या शब्दकोड्याच्या स्पर्धेत दोन वर्षांपासून तोच पहिला. त्यानं सूचना लावली: संक्रांतीच्या रविवारी, दुपारी पावणेएक ते पावणेदोन, गूढ शब्दकोडे स्पर्धा, फक्त सभासदांसाठी, नागपूरच्या पेपरातील विजेते श्री. गजभिये खास उपस्थित राहून सोडवतील. बायांसाठी त्याच वेळी तिळगूळ स्पर्धा. परीक्षक, अन् कोडं बनवणारे, कृष्णराव पिंपळापुरे.

सूचना वाचून देवीदासचं तोंड पाहाण्यासारखं झालं.

"मनकर्णा, आता काय करू?"

"बसा अन् सोडवा. विजेते तुमी."

"चिठ्ठी पाठवशील?"

"नाई."

"खोकून सांगशील?"

"मले खोकला नाई."

मग त्यानं आपलं डोकं चालवलं, अन् ते चाललं तसंच चाललं. रविवारी त्याची सुट्टी होती. त्यानं साहेबांकडे जाऊन स्वतःहून दुसरी पाळी मागून घेतली. ड्यूटी असली का स्पर्धा सुटली, असा हिशेब. साहेब खूश झाले. म्हणाले, "वा गजभिये! पाळी दोनला. सव्वापर्यंत आरामात बसता येईल. तुम्हाला अर्धा तास पुष्कळ झाला." म्हणजे सुट्टी गेली, अन् स्पर्धा होती तिथंच राहिली.

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये पंचवीस-तीस जण बाकांवर बसले. देवीदास पहिल्या रांगेत, ड्यूटीच्या खाकी कपड्यांत, डबा पायाशी. मागच्या भिंतीजवळ आमी बाया तिळगूळ घेऊन. माझे लाडू असे झाले होते का परीक्षकीणबाईनं एक तोंडात घातला अन् गालात तसाच ठेवून पुढं गेली. मनकर्णा माझ्या बाजूले हात बांधून बसली होती. नवऱ्याकडे पाहतच नव्हती.

साहेबांनी घड्याळ टेबलावर ठेवलं अन् कागद वाटले. बत्तीस उत्तरं. पेन्सिली चालू झाल्या. अरुणकुमार भराभर लिहून राहिला होता, अन् प्रत्येक उत्तरानंतर बारीकसं हसे, म्हणजे आजूबाजूचे घाबरावे. देवीदासनं पहिलं सूत्र वाचलं अन् तिथंच थांबला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. यानं पेन्सिलीले टोक काढलं. टोक तोडलं, पुन्हा काढलं. मिलमधले सात-आठ खलाशी खिडकीबाहेर उभे होते, आपल्या माणसाची जीत पाहाले. पुंडलिक त्यांच्यात होता. म्हणे, "पाहा, पाहा, सगळं डोक्यात करून राहिला. शेवटी एकदम लिहील."

मले हसू यावं का रडू, समजे ना. तुमी म्हणाल, बरी जिरली. मले बी सकाळपर्यंत तसंच वाटत होतं. पण त्याची मान लाल झाली होती अन् डावा पाय, तो दोन बोटं कमी असलेला, बाकाखाली हलून राहिला होता. वाईट वाटलं. खरं सांगते, वाटलं.

एक वाजून दहा मिनिटांनी तो उभा राहिला.

"साहेब, ड्यूटीची वेळ झाली."

साहेबांनी मान हलवली. "ठीक. झालं तेवढं ठेवून जा."

यानं डबा उचलला. तसाच गेला असता तर सुटला असता, बरं का. घाईत जावं लागलं, नाईतर गजभियेच पहिला, असं लोक वर्षभर म्हणाले असते. दाराकडे दोन पावलं गेला बी. मग थांबला. वळून मागं पाहिलं, आमच्याकडे. अन् डबा पुन्हा खाली ठेवला.

"साहेब, रिलीव्हर आल्याशिवाय जागा कशी सोडू?"

हॉलमध्ये लोक हसले. साहेब बी हसले. "अहो, ही मिल नाही."

"तुमीच सांगता साहेब. काम चालू आहे. घड्याळ चालू आहे. जागा रिकामी सोडाची नाई."

"मग कोण आहे तुमचा रिलीव्हर?"

"मनकर्णा."

आमच्या बाजूच्या बायाईच्या हातातले तीळ सांडले. मनकर्णाले यातलं काहीच माहीत नव्हतं, मी शपथेवर सांगते. मी तिले कोपरानं ढोसलं. "ऊठ ना बाई! कावून बसली?"

अरुणकुमार उभा राहिला. "परीक्षकमहाराज, हे नियमात नाही. महिलांची स्पर्धा मागे आहे, तिळगुळाची."

"तिळगूळ मी केला नाई," मनकर्णा म्हणाली अन् सरळ पुढं चालत गेली. बाकाजवळ जाऊन नवऱ्यासमोर उभी राहिली. "चार्ज लिहून द्या. तोंडी मी घेत नसते."

साहेबांची पंचाईत अशी झाली का पाहात राहावं. सारा जन्म जो नेम लोकाईच्या गळी उतरवला, तोच यांच्या समोर येऊन उभा. खिडकीबाहेर सात-आठ खलाशी डोळे फाडून पाहून राहिले होते का साहेब आता आपलाच नेम मोडतात का काय. साहेबांनी घसा साफ केला. "लिहा," म्हणाले.

देवीदासनं कागद उलटा केला अन् मागच्या कोऱ्या बाजूले लिहाले लागला. दोन मिनिटं लिहिलं. एकदा थांबला, पेन्सिल चावली, पुन्हा लिहिलं. मग सही करून कागद साहेबांकडे दिला, अन् साहेबांनी, सवयच ना, तो मिलमधल्या आवाजात वाचला.

"वेळ एक वाजून बारा. एकूण उत्तरं बत्तीस. भरलेली घरं: शून्य. बिघाड: ऑपरेटर."

हॉल फुटला हसून. अरुणकुमारनं तर टाळी दिली बाजूच्याले. साहेब पुढं वाचून राहिले होते.

"मागची बाकी: नागपूरच्या पेपरातली अकरा कोडी. सगळी रिलीव्हरनं सोडवली. नाव माझं लागलं. माझी भरलेली घरं तिथं बी शून्य. देवीदास..."

इथं पहिल्यांदा पिंपळापुरेसाहेबांचा आवाज खाली आला. पण काय उपयोग, वाचून तर झालं होतं. हसणं बंद झालं. पुंडलिक खिडकीत आ करून उभा होता. देवीदास कोणाकडेच पाहात नव्हता, फक्त मनकर्णाकडे पाहात होता. ज्या माणसानं लग्नाची गोष्ट सुद्धा खोटी सांगितली, तो दोस्तांसमोर, साहेबांसमोर, त्या घडीच्या पँटीसमोर, हे लिहून मोकळा झाला. का? तर चार्ज होता म्हणून. रिलीव्हरले खोटं सांगाचं नाई म्हणून.

मनकर्णानं पेन्सिल घेतली. खाली लिहिलं: चार्ज घेतला. मनकर्णा. मग नवऱ्याले म्हणाली, "जा आता, उशीर होईल. डब्यात चटणी वेगळी आहे, सांडू नका."

तो गेला. सायकलची घंटी ऐकू आली. अन् ही बाई बाकावर बसली, पदर खोचला, कागद सुलटा केला.

तेहतीस मिनिटं अन् बत्तीस उत्तरं. अरुणकुमारची तोवर बावीस झाली होती. ही आधी काही लिहीच ना, नुसतं बोट फिरवे अन् ओठ हलवे. मग एकदम लिहाले लागली, अन् उजव्या हाताची बोटं अशी चालत होती का एकेक अक्षर उचलून खणात टाकून राहिली. "डोक्यावर लोंबकळणारी संख्या, तीन अक्षरं," तिथं एक अकौंटंट अर्धा तास बोटं मोजत बसला होता. हिनं सरळ लिहिलं, आकडा. क्रेनवाल्याची बायको ती; रोज क्रेनच्या त्या माल टांगाच्या आकड्याच्या गोष्टी ऐकूनच पोळ्या लाटल्या होत्या.

एक छत्तीसले अरुणकुमार उठला. बाक वाजवत उठला, कागद फडफडवत नेऊन दिला, अन् परत येऊन मनकर्णाच्या मागं उभा राहिला. तिची सहा उत्तरं बाकी होती.

"घाई नको," तो म्हणाला, "तुमचं छान चाललंय."

"भाऊ, उजेड अडवू नका," ती म्हणाली. मागून आमी बाया हसलो तसा तो सरकला.

पाच राहिली. तीन राहिली. खिडकीतले खलाशी आता ओरडून राहिले होते, पण कोणाच्या नावानं ओरडावं हे त्यांनाच कळत नव्हतं. कोणी म्हणे "गजभिये", कोणी म्हणे "वैनी". एक चाळीसले एकच उत्तर राहिलं. मी जवळ सरकून पाहिलं. ते पहिलंच सूत्र होतं, ज्याच्यावर देवीदास पंचवीस मिनिटं बसला होता. "नऊ आणि अर्धी रात्र: बाईच्या पदरी पडतो. तीन अक्षरं."

मनकर्णानं पेन्सिल खाली ठेवली. घड्याळ चालू होतं, अन् ही बाई दाराकडे पाहात बसली! दोन मिनिटं तशीच. मी दात-ओठ खाऊन राहिली होती. मग तिनं पेन्सिल उचलली अन् तीन घरांत लिहिलं: नवरा. एक त्रेचाळीसले कागद दिला. मी नंतर विचारलं, एवढा वेळ कावून लावला बाई? म्हणाली, "ते तर बसल्या बसल्याच आलं होतं. नव म्हणजे नऊ, रात्रीतला अर्धा रा. पण रागात लिहाची इच्छा नव्हती. राग जाऊ दिला."

दोघांचीही बत्तीसच्या बत्तीस बरोबर निघाली. अन् मग जी कावकाव झाली! अरुणकुमार म्हणे, माझा कागद सात मिनिटं आधी आला, अन् त्या सभासदच नाहीत. साहेब उठले, खडू घेतला अन् फळ्यावर हिशेब मांडला, जसा मिलमध्ये मांडत. "अरुणकुमार, एक्कावन्न मिनिटांत बत्तीस. गजभियेबाई, एकतीस मिनिटांत बत्तीस. ताशी उत्पादन कोणाचं जास्त?" खलाशी म्हणाले, "वैनीचं!" ड्रॉइंग ऑफिसवाले म्हणाले, नियम! कोणी म्हणे बक्षिसाचा कप अर्धा अर्धा करा. मले तर वाटलं आता माझे लाडू फेकून माराले सुरू होतात, तेवढीच त्या लाडवांची लायकी होती.

मनकर्णाच उठली. "साहेब, कप त्यायले द्या. त्यात चहा बी पेता येत नाई. मले तो कागद द्या."

"कोड्याचा?"

"हो. दोन्ही बाजूंचा."

साहेबांनी कागद पाहिला, आधी पुढून, मग मागून. म्हणाले, "बाई, हा मंडळाच्या दप्तरात ठेवायला हवा." मग स्वतःच मान हलवली, मागच्या बाजूले देवीदासच्या अन् मनकर्णाच्या सहीखाली आपली सही केली, अन् दोन्ही हातांनी तिले दिला. मग मिलमधल्या त्याच आवाजात म्हणाले, "हे काम मनकर्णा गजभिये यांचं आहे." अरुणकुमार कप घेऊन उभा होता, अन् त्याच्याकडे कोणी पाहात नव्हतं. मी रडली. लपवाचं काय त्यात, चांगली हुंदके देऊन रडली.

पुढचे दोन महिने देवीदासचे असे गेले का विचारू नका. मिलमध्ये त्याचं नाव पडलं "शून्य". क्रेनवर चढाले लागला का खालून कोणी तरी विचारे, "ऑपरेटरमध्ये काही बिघाड?" तो बी कमी नाई. म्हणे, "आहे, लिहून दिला आहे." तो कागद त्यानंच दोन्ही बाजूंनी काचेत बसवून आणला अन् बाबासाहेबांच्या फोटोखाली लावला. पाहुणे आले का तोच वाचून दाखवे, उलटी बाजू आधी. लग्नाची ती थाप मात्र तशीच चालू होती; सगळं एकदम सुधारलं असतं तर मले करमलं नसतं.

मार्चमध्ये एका संध्याकाळी तो पावर हाउसहून पेपर घेऊन आला. मी भिंतीतून ऐकलं. आधी पेपर उघडल्याचा आवाज आला. मग मनकर्णा हळूच वाचत होती, एकेक अक्षर: "मनकर्णा गजभिये, भिलाई." पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. मी पुंडलिकले घेऊन अंगणात गेली, म्हटलं, चला, जरा हवा खाऊ.

दुसऱ्या दिवशी देवीदासची अन् पुंडलिकची, दोघांचीही पहिली पाळी. दुपारी पुंडलिक घरी आला तो चिडलेला.

"तुझ्या त्या देवीदासचं डोकं फिरलं," म्हणे. "साडेदहाले क्रेनची घंटी वाजवाले लागला. थांबेच ना. आमी माल आला समजून जीव घेऊन पळालो. वर पाहतो तर आकडा रिकामा, अन् हा वर पेपर हलवून राहिला."

"मग? साहेबांनी झापलं असेल."

"झापतील कसे? यानं वहीत कारण लिहून ठेवलं होतं ना. पाळी संपल्यावर साहेबांनी वाचलं."

"काय लिहिलं होतं?"

पुंडलिकनं सांगितलं, पण तोंडात पोळी होती. मी म्हटलं, "गिळा आधी. अन् भिंतीकडे तोंड करून सांगा. मोठ्यानं."

मग त्याच्या बी ध्यानात आलं. उठला, भिंतीजवळ गेला अन् पिंपळापुरेसाहेबांच्या आवाजात म्हणाला, "घंटी साडेदहा वाजता. माल: काही नाही. कारण: रिलीव्हरचं नाव छापून आलं."

भिंतीपलीकडे पोळी लाटाचा आवाज चालू होता. तो थांबला.